ऐकलेलं परत म्हणायचं

हृदय-फुफ्फुस यंत्रामागे उभं राहणाऱ्या माणसाला पहिल्याच आठवड्यात एक सवय लावतात. सर्जन जे म्हणेल ते मोठ्यानं परत म्हणायचं. ‘फ्लो खाली.’ ‘फ्लो खाली, सर.’ ‘क्लॅम्प लागला.’ ‘क्लॅम्प लागला.’ नुसती मान हलवून चालत नाही, नुसतं ‘हो’ म्हणूनही चालत नाही. सर्जनचे डोळे छातीच्या आत, तोंडावर मास्क, सक्शनची सततची घरघर. त्यानं एक म्हटलं आणि मी दुसरंच ऐकलं, तर किंमत टेबलावरचा माणूस मोजणार. म्हणून ऐकलेलं परत म्हणायचं. बोलणाऱ्याला आपलं वाक्य दुसऱ्याच्या तोंडून ऐकू आलं, की मगच ते पोचलं असं धरायचं.

पंचवीस वर्षं मी हे केलं. मी परफ्युजनिस्ट. शस्त्रक्रियेसाठी हृदय थांबवतात तेव्हा शरीरभर रक्त फिरवायचं आणि त्यात प्राणवायू मिसळायचा, हे माझ्या यंत्राचं काम. यातली अठरा वर्षं ज्या सर्जनबरोबर गेली, ते लोकांसाठी आरोग्याची पुस्तकंही लिहायचे. आम्ही सगळे त्यांना सर म्हणायचो. इथंही सरच म्हणते, नाव त्यांनीच नको म्हटलंय. टेबलावरचे त्यांचे हात अनेकांनी पाहिले. त्यांची वाक्यं कच्च्या अवस्थेत वाचणारी मात्र मी एकटीच होते. दोन केसेसच्या मधल्या वेळात पंप रूममधल्या स्टुलावर बसून मी ती वाचली आहेत.

पहिलं पुस्तक ओपीडीतून आलं. सरांच्या एप्रनच्या खिशात एक छोटी वही असायची आणि तीत फक्त प्रश्न असायचे. पायातली नस काढून हृदयाला लावली, मग आता पायाला रक्त कोण देणार? शिंक आली तर छातीचं हाड बांधलेली तार तुटेल का? ऑपरेशन चांगलं झालं म्हणता, मग मला रोज संध्याकाळी रडू का येतं? हा शेवटचा प्रश्न, सर म्हणायचे, पुरुष नेहमी दाराशी पोचल्यावर विचारतात, मूठ दाराच्या कडीवर ठेवून.

त्या पुस्तकात फक्त ही उत्तरं होती. पायातून काढतात ती वरवरची शीर. पायातलं रक्त परत नेण्याचं मोठं काम खोलवरच्या शिरा करतात, म्हणून पाय काही दिवस सुजतो आणि बहुतेकांचा हळूहळू ओसरतो. शिंक किंवा खोकला येतोय असं वाटलं की उशी छातीशी घट्ट धरा. हाड जुळायला साधारण दोन-तीन महिने लागतात. रडू येणं अनेकांना होतं, त्याची लाज नको, पण आठवडे उलटले तरी थांबलं नाही तर डॉक्टरांना सांगा. प्रत्येक उत्तरात ‘बहुतेकांचा’, ‘साधारण’, ‘पण’ असे शब्द. मला ते पुस्तक अजूनही सगळ्यांत जास्त आवडतं. प्रश्न विचारणारा समोर बसलाय आणि उत्तर ऐकून त्याच्या कपाळावरची आठी गेली की नाही हे लिहिणाऱ्याला दिसतंय, असं ते वाचताना वाटतं.

ते खपलं. मग प्रकाशकांना दुसरं हवं होतं, मग तिसरं. विषय हृदयापासून सरकत झोपेवर गेला, रागावर गेला, पचनावर गेला. लोकांना त्यात काही वावगं वाटलं नाही. ज्यानं माणसाचं हृदय हातात धरलंय त्याला झोपेबद्दलही कळत असणार, असं आपण सहज धरून चालतो. हृदयाला हात लावणाऱ्याबद्दल एक वेगळाच धाक मनात असतो. १८९६ साली स्टीफन पॅजेट या इंग्रज सर्जननं लिहून ठेवलं होतं की हृदयाच्या शस्त्रक्रियेला निसर्गानंच सीमा घालून दिलीय. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये फ्रँकफर्टला लुडविग रेन यांनी भोसकलेल्या एका तरुणाच्या धडधडत्या हृदयाला टाके घातले आणि तो जगला. सीमा ओलांडून आलेल्या माणसाचा शब्द जड असतोच.

पण हा सर्जन रोज जे बघतो त्यातून लोकांनी कसं जगावं हे कितपत कळतं? या प्रश्नावर मी बरीच वर्षं विचार केला. माझं उत्तर ‘फार थोडं’ असं आहे आणि सरांना ते मी तोंडावर सांगितलं होतं. टेबलावर येतात ते आजारी पडलेले आणि तरीही इथवर पोचलेले. जे घरीच गेले ते आम्हाला दिसत नाहीत. जे कधी आजारीच पडले नाहीत तेही दिसत नाहीत. तंबाखू, रक्तदाब, कोलेस्टेरॉल यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध पक्का झाला तो शस्त्रक्रियागृहाच्या बाहेर. अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावात १९४८ पासून ५,२०९ स्त्री-पुरुषांना दर दोन वर्षांनी तपासत राहिले, कोण आजारी पडतो आणि कोण पडत नाही याची नोंद ठेवत राहिले, आणि ते चित्र हळूहळू उभं राहिलं. लोकांसाठीच्या पुस्तकात जे सर्वांत उपयोगाचं असतं ते अशा कंटाळवाण्या, चिकाटीच्या मोजणीतून आलेलं असतं. सर्जनच्या सुरीनं ते शोधलेलं नसतं. सर्जननं ते नीट वाचून आपल्या भाषेत सांगायचं, एवढंच.

सर यावर हसले नाहीत, रागावलेही नाहीत. ‘मग लोक त्या मोजणाऱ्यांचं का वाचत नाहीत?’ एवढंच विचारलं. त्यांचा मुद्दा खरा होता. मोजणाऱ्याला गोष्ट सांगता येत नाही आणि गोष्ट सांगणाऱ्याला मोजायची सवय नसते.

दोन्ही जमलेली माणसं झाली. माझ्या यंत्रातला फिरता पंप अमेरिकन सर्जन मायकेल डीबेकींच्या तरुणपणातल्या खटपटीतून आलेला. १९३० च्या दशकाच्या सुरुवातीला, विद्यार्थी असताना, नळी फिरत्या रुळांखाली दाबत रक्त पुढे रेटायची युक्ती त्यांनी कामाला लावली. साधारण वीस वर्षांनी, ६ मे १९५३ ला, जॉन गिबन यांनी फिलाडेल्फियात अठरा वर्षांच्या मुलीच्या हृदयातलं भोक बंद केलं, ती २६ मिनिटं पूर्णपणे यंत्रावर जगली, आणि त्या यंत्रात असेच पंप होते. (यानंतर लगेचचे रुग्ण वाचले नाहीत आणि गिबननी ही शस्त्रक्रियाच सोडून दिली. वीस-बावीस वर्षं ज्याच्यामागे घालवली ते यंत्र त्यांनी दुसऱ्यांच्या हाती दिलं. मला हे त्यांच्या यशाइतकंच मोठं वाटतं.) डीबेकींना शिवणकाम आईनं शिकवलं होतं. फुगलेल्या महाधमनीच्या जागी कापडी नळी बसवता येईल असं त्यांच्या मनात आलं तेव्हा ते दुकानात नायलॉन आणायला गेले. नायलॉन संपलं होतं, विक्रेत्यानं डेक्रॉन नावाचं नवं कापड पुढे केलं. ते त्यांनी घरी आणलं आणि बायकोच्या शिवणयंत्रावर पहिल्या नळ्या शिवल्या. त्याच माणसानं १९३९ सालीच आल्टन ऑक्सनर यांच्याबरोबर धूम्रपान आणि फुफ्फुसाचा कर्करोग यांचा संबंध मांडला होता, आणि पुढे हृदयाबद्दल, हृदयाला मानवणाऱ्या आहाराबद्दल सामान्य वाचकांसाठी पुस्तकं लिहिली. ही पुस्तकं त्यांनी एकट्यानं लिहिली नाहीत. रक्तातल्या चरबीचा अभ्यास करणाऱ्या सहकाऱ्याला बरोबर घेतलं. आपल्याला काय येत नाही हे माहीत असलं की असा सहकारी शोधावासा वाटतो.

दुसऱ्या टोकाला ख्रिस्तियान बर्नार्ड. ३ डिसेंबर १९६७ ला केपटाऊनमध्ये त्यांनी पहिलं मानवी हृदयारोपण केलं. रुग्ण लुई वॉशकान्स्की अठरा दिवस जगला आणि न्यूमोनियानं गेला. बर्नार्ड एका रात्रीत जगाला माहीत झाले. पण बोटांच्या सांध्यांना संधिवात फार आधीच लागला होता, आणि १९८३ साली त्यांना शस्त्रक्रिया थांबवावी लागली. पुढे त्यांनी लिहिलं, निरोगी हृदयाबद्दलही लिहिलं. आणि म्हातारपण मागे हटवण्याचा दावा करणाऱ्या एका क्रीममागे आपलं नावही उभं केलं. त्या नावाला तिथं लागलेला डाग पुसला गेला नाही. मला त्यांचा राग येत नाही. हात थांबल्यावर नाव उरतं, आणि ते नाव घेऊन कुणीतरी दारात उभं राहतंच. अलीकडचंच पाहा. मेहमेट ऑझ हे नावाजलेले हृदयशल्यचिकित्सक टीव्हीवर आरोग्याचा कार्यक्रम करायचे. २०१४ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये त्यातल्या सल्ल्यांची छाननी छापून आली. ४६ टक्के सल्ल्यांना पुराव्याचा आधार मिळाला, १५ टक्के पुराव्याच्या विरुद्ध होते, आणि उरलेल्यांबद्दल पुरावाच सापडला नाही. टेबलावर निम्मे टाके गळके निघाले तर त्या सर्जनला दुसऱ्या दिवशी कुणी आत घेणार नाही.

टाक्यांचं सांगते, कारण फरक तिथंच आहे. बायपासमध्ये ज्या धमनीला नवी नस जोडतात ती दीड-दोन मिलिमीटर रुंद असते. धागा केसाइतका बारीक. हवेत धरला तर दिसत नाही, दिव्याखाली वळला की चमकतो. सर चष्म्यावर बसवलेल्या भिंगातून बघत एकेक टाका घ्यायचे, आणि त्यांचा श्वास इतका हळू व्हायचा की मास्क हलताना दिसायचा नाही. शेवटची गाठ पडली की हृदयाकडे जाणारं रक्त अडवणारा क्लॅम्प, म्हणजे चिमटा, काढायचा. थंड, फिकट, थिजलेल्या हृदयात रक्त शिरतं, ते गुलाबी होतं, आधी नुसतं थरथरतं, आणि मग एक पूर्ण ठोका पडतो. त्याच क्षणी सगळे त्या टाक्यांकडे बघत असतात. गळत असेल तर लगेच दिसतं. लाल थेंब खोटं बोलत नाही. आणि छाती मिटण्याआधी सिस्टर गॉझचे तुकडे, सुया मोजतात. आकडा जुळल्याशिवाय तार घालत नाहीत.

पुस्तकातलं वाक्य गळत असेल तर तो थेंब कुठं दिसणार? या प्रश्नाचं उत्तर आम्हाला एका पहाटे मिळालं.

त्या माणसाला सरांनीच चार वर्षांपूर्वी मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली, बसवली होती, कार्बनची, दोन पानांची. अशी झडप टिक-टिक वाजते. शांत खोलीत शेजारच्या माणसालाही ऐकू येते. त्याच्या बायकोला त्या आवाजाची इतकी सवय झाली होती की तिला त्यावरच झोप लागायची. त्या पहाटे तिला जाग आली. खोलीत काहीतरी कमी वाटत होतं. तिनं नवऱ्याच्या छातीला कान लावला. ठोके पडत होते, पण टिक-टिक बसल्यासारखी झाली होती. नवऱ्याला दोन दिवस धाप लागत होती, तो सर्दी म्हणत होता. तिनं वाद घातला नाही, गाडी बोलावली. तिच्या कानानं तो वाचला, यात मला शंका नाही.

झडपेवर रक्ताची गुठळी जमून एक पान अडकलं होतं. अशी झडप असलेल्या माणसाला रक्त पातळ ठेवायला जन्मभर वॉरफरिन घ्यावं लागतं, आणि रक्त किती पातळ आहे ते तपासत राहावं लागतं. मायट्रल झडपेला तपासणीचा आकडा अडीच ते साडेतीनच्या मध्ये हवा. त्याचा आला १.३. गोळी एकही चुकवली नव्हती. मधल्या दोन तपासण्या मात्र राहिल्या होत्या, कारण बरं वाटत होतं. आणि गेले दोन महिने तो दोन्ही वेळच्या जेवणात भरपूर हिरव्या पालेभाज्या खात होता. पालेभाज्यांत के जीवनसत्त्व असतं आणि ते वॉरफरिनच्या थेट उलट काम करतं. अशा रुग्णानं भाज्या सोडायच्या नसतात, पण रोजचं प्रमाण सारखं ठेवायचं असतं. हे त्याला डिस्चार्जच्या वेळी सांगितलेलं होतं, कागदावरही होतं.

बायकोनं पिशवीतून पुस्तक काढलं. सरांचं, तिसरं. पान दुमडलेलं होतं आणि एका वाक्याखाली पेन्सिलीची सरळ, पट्टी धरून मारलेली रेघ होती. हिरव्या पालेभाज्या जेवढ्या खाल तेवढ्या थोड्याच. ‘सरांनीच लिहिलंय म्हणून,’ ती म्हणाली. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. चुकलं असेल तर आमचंच, असा सूर होता. तो सूर मला ऐकवेना.

दुसऱ्यांदा छाती उघडणं पहिल्यापेक्षा अवघड असतं. हृदय आतून हाडाला चिकटलेलं असतं, करवत चालवताना ते फाटू शकतं, म्हणून आधीच मांडीतल्या रक्तवाहिन्यांची तयारी ठेवतात आणि मी यंत्र भरून उभी असते. त्या दिवशी सर एकही जादा शब्द बोलले नाहीत. रक्त गोठू न देणारं हेपॅरिन दिलं, मी गोठण्याचा वेळ मोजला, ‘पाचशे दहा सेकंद,’ म्हटलं. ‘पंप सुरू.’ ‘पंप सुरू, सर.’ झडप बदलली. तो जगला, अजून आहे.

आता माझं. ते पुस्तक मी हस्तलिखितात वाचलं होतं. त्यात त्या वाक्यानंतर आणखी एक वाक्य होतं: वॉरफरिन घेणाऱ्यांनी प्रमाण अचानक वाढवू नये, आधी डॉक्टरांशी बोलावं. पानं कमी करताना कुणीतरी ते काढलं. मूळ ओघ थांबतो, असं कारण असावं. प्रूफ सरांनी वाचलं आणि मीही वाचलं. दोघांच्याही ते लक्षात आलं नाही. जे वाक्य आपल्याला माहीत असतं ते कागदावर नसलं तरी डोळ्यांना दिसतं. मला त्या प्रूफचा दिवस आठवतो. दोन केसेसच्या मध्ये मी ते घाईनं वाचलं होतं.

दर महिन्याला आमची एक मीटिंग व्हायची. त्यात गेलेले रुग्ण आणि झालेल्या गुंतागुंती मांडायच्या. शक्यतो ज्युनिअर डॉक्टर मांडतो. त्या महिन्यात सर स्वतः उभे राहिले आणि पडद्यावर एक्स-रेच्या जागी आपल्या पुस्तकाचं पान लावलं. एक सहकारी म्हणाले की रुग्णानं तपासणी चुकवली, यात लेखक काय करणार. सर म्हणाले, ‘लाखो लोकांसाठी वाक्य बरोबर आहे. माझ्याच हातून झडप बसलेल्या माणसासाठी ते विष होतं, आणि मला त्याच्याइतका जवळचा वाचक दुसरा कोण होता?’ मग थोडं थांबून म्हणाले, ‘हा परत आला म्हणून कळलं. जे परत आले नाहीत त्यांचं काय?’ खोलीत कुणी बोललं नाही.

बोस्टनचे सर्जन अर्नेस्ट कॉडमन यांची गोष्ट मला सरांकडूनच कळली. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी हट्ट धरला की प्रत्येक रुग्णाचं एक कार्ड असावं, वर्षानं त्याला गाठून विचारावं की उपयोग झाला का, झाला नसेल तर का नाही. आपल्या छोट्या रुग्णालयातल्या ३३७ रुग्णांचा हिशेब त्यांनी छापला आणि त्यात १२३ चुका स्वतः नोंदवल्या. त्यांच्या काळातल्या मंडळींनी त्यांना जवळ केलं नाही. आणि ज्यांनी असं विचारलं नाही त्यांचं काय होतं याचंही एक उदाहरण सर नेहमी द्यायचे. १९५० च्या दशकात हृदयाच्या कळा थांबवायला छातीच्या आतल्या बाजूची धमनी बांधून टाकायची शस्त्रक्रिया जोरात होती. सर्जन शपथेवर सांगायचे की आम्ही डोळ्यांनी बघतो, रुग्णाला बरं वाटतं. १९५९ मध्ये लिओनार्ड कॉब यांनी काही रुग्णांची धमनी बांधली आणि काहींना फक्त कातडीवर छेद दिला, रुग्णाला न कळवता. दोन्हीकडे सारखंच बरं वाटलं. शस्त्रक्रिया बंद पडली. तीच धमनी आज बायपाससाठी सर्वांत भरवशाची मानतात; दहा वर्षांनीही दहापैकी नऊ जणांत ती उघडी असते. डोळ्यांनी बघितलं तेवढ्यानं भागत नाही, हे त्या धमनीइतकं चांगलं मला दुसऱ्या कशानं शिकवलेलं नाही.

सरांनी पुस्तकाच्या पुढच्या आवृत्तीत शेवटचं पान कोरं सोडायला लावलं. वर एवढंच छापलं: हे वाचून तुम्ही काय बदललंत ते कळवा, बिघडलं असेल तर आधी कळवा. पत्रं आली. एकानं रक्तदाबाचा आकडा आता बरोबर येतो म्हणून गोळ्या बंद केल्या होत्या. आकडा गोळ्यांमुळेच बरोबर येत होता, हे पुस्तकात कुठंच लिहिलेलं नव्हतं. एक जण छातीत भरून आलं तरी चालत राहिला होता, कारण रोज चालायचं, खंड पाडायचा नाही असं वाचलं होतं. एका बाईनं लिहिलं की झटक्याच्या प्रकरणात छातीतल्या कळेचं वर्णन होतं. तिला फक्त मळमळ आणि जबड्यात दुखणं होतं, म्हणून ती सहा तास घरी बसली. ते पत्र सर बराच वेळ हातात धरून होते. स्त्रियांत झटका असाही येऊ शकतो हे त्यांना ठाऊक होतं, दर आठवड्याला ते बघत होते. लिहिताना मात्र डोळ्यांसमोर पुरुष रुग्ण होता.

प्रत्येक पत्रामागे एक वाक्य बदललं. नव्या पुस्तकात प्रत्येक सल्ल्याच्या आधी तो कुणासाठी नाही हे आलं. ‘बहुतेकांचा’, ‘साधारण’, ‘पण’ परत आले. प्रकाशकांना ते जड वाटलं, आणि खपही आधीच्या पुस्तकांपेक्षा कमी झाला. सर त्याबद्दल काही बोलले नाहीत. मला वाईट वाटलं, कारण त्यांनी लिहिलेलं ते सर्वांत प्रामाणिक पुस्तक आहे आणि ते जास्त हातांत जायला हवं होतं.

त्यांनी शस्त्रक्रिया थांबवली तो दिवसही सांगते. माझ्या चार्टवर प्रत्येक केसमध्ये क्लॅम्प किती मिनिटं होता हे लिहावं लागतं. एका संध्याकाळी सगळे गेल्यावर ते पंप रूममध्ये आले, स्टुलावर बसले आणि म्हणाले, ‘तुमच्या कागदांत काय दिसतं?’ मला कळलं ते काय विचारतायत. तीन जोडण्यांच्या साध्या केसला जिथं पन्नास-पंचावन्न मिनिटं लागायची तिथं आता सत्तर लागत होती. रुग्ण चांगले होते, कुणी बोलत नव्हतं. मी आकडा सांगितला. ते म्हणाले, ‘सत्तर.’ मी म्हटलं, ‘सत्तर, सर.’ पुढच्या महिन्यात त्यांनी सुरी खाली ठेवली.

आता ते फक्त लिहितात. मीही निवृत्त झाले. रात्री नवाच्या सुमाराला फोन येतो. नमस्कार-चमत्कार नाही, तब्येतीची चौकशी नाही. एक परिच्छेद वाचून दाखवतात आणि विचारतात, ‘काय ऐकलंत?’ मग मी तो माझ्या शब्दांत परत म्हणते. परवाचा परिच्छेद झोपेच्या गोळ्यांवर होता. त्यांनी लिहिलं होतं की या गोळ्या हळूहळू कमी कराव्यात. मी म्हटलं, ‘मी असं ऐकलं की आजपासून अर्धी गोळी घेतली तरी चालेल.’

पलीकडे बराच वेळ काही नाही. मग कागद सरकल्याचा आवाज आला.

‘थांबा,’ सर म्हणाले, ‘परत वाचतो.’